छोट्या गेमसाठी संगीत आणि इफेक्ट: खिशाला झेपेल असं कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

कोडेघर (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं मिळून मोबाइलसाठी कोड्यांचा टू-डी गेम करतोय, गोडो इंजिनमध्ये. आवाजाची बाजू माझ्याकडे आहे. पाच-सहा पार्श्वसंगीताचे तुकडे लागतील, प्रत्येकी दीड-दोन मिनिटांचे आणि न तुटता फिरत राहणारे. शिवाय साधारण ६० इफेक्ट: बटणं, पावलं, दारं, संदूक, नाणी, पाणी वगैरे.

लॅपटॉप विंडोजचा, ८ जीबी रॅम, वेगळं साउंड कार्ड नाही. एक यूएसबी माइक आणि २५ कळांचा मिडी कीबोर्ड (वाजवलेले सूर संगणकाला कळवणारा) आहे. पेटी शिकलोय, त्यामुळे चाल बांधता येते. मिक्सिंगचं ज्ञान बेताचं. दर महिन्याला पैसे भरावे लागतील असं काही नको. फुकट, किंवा एकदा पैसे दिले की विषय संपला, असं हवं.

नेटवरच्या याद्यांमध्ये दहा-दहा नावं असतात, पण कुठलं कशासाठी आणि ते कुठे अडतं हे कोणी सांगत नाही. संगीत आणि इफेक्ट दोन्ही एकाच सॉफ्टवेअरमध्ये होतात का? फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेलं विकता येतं का? आणि ८ जीबी रॅम पुरेल का?

---

खर्जषड्ज

तुमच्या कामाचं गणित आधी मांडू या. ६० इफेक्ट आणि ६ लूप म्हणजे ६६ फायली. पावलं, बटणं यांचे प्रत्येकी चार-पाच प्रकार लागतात, ते धरले तर आकडा सहज दीडशेच्या वर जातो. आणि एकही फाइल पहिल्या फटक्यात पक्की होत नाही. गेममध्ये टाकून ऐकलं की कुठला आवाज लांब वाटतो, कुठला कर्कश. म्हणजे पुन्हा दुरुस्ती, पुन्हा एक्सपोर्ट. म्हणून माझं ठाम मत असं की सॉफ्टवेअरमध्ये वाद्यं किती येतात हे दुय्यम आहे. वाद्यं बाहेरून फुकट आणि उत्तम मिळतात. शंभर फायली एका दमात, योग्य नावांनी, योग्य लांबीत बाहेर निघतात का, हे पहिलं बघा.

या एका कसोटीवर तुमच्यासाठी रीपर, म्हणजे रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगचं सॉफ्टवेअर. ६० दिवस सगळ्या सोयींसह वापरून बघता येतं, नंतर परवाना एकदाच घ्यायचा. वैयक्तिक वापरासाठी आणि कमी उत्पन्नाच्या व्यवसायासाठी सवलतीचा परवाना असतो, त्यात सोयींची काटछाट नाही. दोन्ही परवान्यांना सॉफ्टवेअर तेच. एका परवान्यात पुढच्या मोठ्या आवृत्तीपर्यंतचे अपडेट येतात. इन्स्टॉलर अगदी छोटा आहे आणि जुन्या मशीनवरही हलकं चालतं.

इफेक्टसाठी रीत अशी. सगळे इफेक्ट एकाच प्रोजेक्टमध्ये, टाइमलाइनवर एकापुढे एक मांडा, मध्ये दोन-दोन सेकंद जागा सोडा. प्रत्येक इफेक्टवर टाइम सिलेक्शन करून शिफ्ट आणि आर दाबलं की रीजन (टाइमलाइनवरचा नाव देता येणारा भाग) तयार होतो. त्याला फाइलचंच नाव द्या. मग रेंडरच्या (फायली बाहेर काढायच्या) खिडकीत सोर्स म्हणून रीजन रेंडर मॅट्रिक्स निवडा, मॅट्रिक्समध्ये प्रत्येक रीजनसमोर मास्टर मिक्सवर खूण करा, आणि फाइलच्या नावाच्या रकान्यात वाइल्डकार्डच्या बटणातून ‘रीजनचं नाव’ घाला. एक बटण, सगळ्या फायली. उद्या संदुकीचा आवाज बदलला तर तेवढा एक रीजन पुन्हा काढायचा. हे काम हाताने करायला लागलं तर माणूस दुरुस्त्या करायलाच कंटाळतो, आणि आवाज कच्चे राहतात ते तिथेच.

रीपरची मोठी उणीव म्हणजे सोबत वाद्यं जवळजवळ नाहीत. रीसिंथ हे सिंथ (सूर तयार करणारं वाद्य) अगदी प्राथमिक आहे. रीसॅम्पलोमॅटिक नावाचा सॅम्पलर कामाचा आहे, पण सॅम्पल (खऱ्या वाद्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज) तुम्ही आणायचे. इक्यू, कॉम्प्रेसर, डिले, पिच बदलणं ही हत्यारं मात्र पक्की आहेत, त्यासाठी बाहेर काही शोधायची गरज नाही. त्यांचे चेहरे रुक्ष आहेत, तेवढं चालवून घ्या.

वाद्यांसाठी हे घ्या. सर्ज एक्सटी: मुक्त स्रोत सिंथ, हजारांवर तयार आवाज, प्रोसेसरवर फार भार नाही. व्हायटल: वेव्हटेबल सिंथ, त्याच्या मोफत आवृत्तीत इंजिन पूर्ण मिळतं, फक्त तयार आवाज कमी; दिसायला सुरेख, पण आठ-दहा व्हायटल एकदम उघडलेत तर लॅपटॉप दमेल. डेक्स्ड: यामाहाच्या १९८३ सालच्या डीएक्स ७ ची हुबेहूब नक्कल. घंटा, काचेसारखे आवाज, इलेक्ट्रिक पियानो यांसाठी कोड्यांच्या गेमला फार शोभतं. खऱ्या वाद्यांसाठी सफोर्झांडो हा फुकट सॅम्पलर आणि त्यात व्हीएसको २ कम्युनिटी एडिशन हा वाद्यवृंद. त्याचे सॅम्पल सीसी-झीरो या बिनशर्त परवान्यावर आहेत, म्हणजे विक्रीच्या कामात निर्धास्त वापरा. व्हायोलिनचा ताफा खोटा वाटेल, पण एकटी बासरी, क्लॅरिनेट, पिझिकाटो (बोटांनी छेडलेल्या) तारा छान लागतात.

८ जीबी रॅम सिंथला भरपूर. मोठ्या सॅम्पल लायब्ररी दोन-तीन एकदम उघडल्या की अडचण. तेव्हा ट्रॅकवर उजवं क्लिक करून फ्रीझ करायचं: ट्रॅकचा ऑडिओ होतो, प्लगइन (बाहेरून जोडलेलं वाद्य किंवा इफेक्ट) मेमरीतून उतरतं, आणि हवं तेव्हा अनफ्रीझ करता येतं.

ऑडॅसिटीही ठेवा, पण संपादनापुरती. माइकवर घेतलेला आवाज कापणं, घरघर काढणं, फाइल पटकन तपासणं यात ती चपळ आहे. २०२२ च्या ३.२ आवृत्तीपासून इफेक्ट वाजता वाजता बदलता येतात, ही मोठी सुधारणा. मिडीवर चाल रचायला मात्र ती नाही, तिथे डोकं आपटू नका.

बाकीची नावं थोडक्यात. वेव्हफॉर्म फ्री चांगलं आहे, ट्रॅकवर मर्यादा नाही. मांडणी निराळी आहे, जमली तर जमली. एफएल स्टुडिओच्या ट्रायलमध्ये प्रोजेक्ट सेव्ह होतो, पण परवाना घेईपर्यंत तो परत उघडत नाही, त्यामुळे दुरुस्त्यांचं काम असेल तर ट्रायलवर विसंबू नका. एकदा घेतलं की अपडेट आयुष्यभर मोफत, हा त्याचा मोठा गुण. अॅबलटन लाइव्हची लाइट आवृत्ती बऱ्याच मिडी कीबोर्डांबरोबर येते. तुमच्या कीबोर्डाच्या खोक्यात कोड असेल तर बघा, पण ट्रॅकची संख्या बांधलेली असते. आर्डर मुक्त स्रोत आहे. स्वतः कंपाइल केलं तर फुकट, तयार इन्स्टॉलरला पैसे पडतात. गॅरेजबँड मॅकवाल्यांसाठी, तुमच्या कामाचं नाही.

विकता येतं का? हो. ऑडॅसिटी, एलएमएमएस (संगीत रचायचं मोफत सॉफ्टवेअर), आर्डर, सर्ज यांचा जीपीएल हा मुक्त स्रोत परवाना प्रोग्रामच्या कोडला लागतो, त्यात तुम्ही केलेल्या संगीताला नाही. अडचण सॅम्पलांच्या परवान्यांत असते, आणि शैक्षणिक सवलतीत घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये. त्यांच्या अटी नीट वाचा.

---

ध्वनिचित्र

वरचं सगळं पटलं. इफेक्टबद्दल भर घालतो, कारण ६० पैकी निम्म्याला रीपर उघडायचीही गरज नाही.

बटण, नाणं, उडी, चूक, बरोबर: हे सगळं एसएफएक्सआर कुळातल्या हत्यारांनी मिनिटात होतं. मूळ एसएफएक्सआर २००७ मध्ये लडम डेअर या गेम बनवण्याच्या स्पर्धेसाठी लिहिलेला छोटा प्रोग्राम. त्याचे वंशज म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा जेएसएफएक्सआर आणि बीएफएक्सआर. चिपटोन याच जातीचा, पण मांडणी जास्त समजण्यासारखी. नाण्याचं बटण दाबा, जवळचा आवाज मिळेपर्यंत दाबत राहा, मग म्यूटेट दाबून त्याच आवाजाची भावंडं काढा. नाण्याच्या आवाजात खरी गंमत मध्येच स्वर वर उडी घेतो त्यात असते. ती किती उंच आणि किती उशिरा, हे चेंज अमाउंट आणि चेंज स्पीड या दोन सरकपट्ट्यांवर ठरतं. सगळी बटणं स्क्वेअर वेव्हवर (कर्कश चौकोनी लाटेवर) ठेवू नका, मोबाइलच्या स्पीकरवर कान किटतात. साइन (गुळगुळीत लाट) घ्या, अटॅक (आवाज चढायचा वेळ) शून्याच्या किंचित वर, डिके (उतरायचा वेळ) आखूड.

पावलं, दारं, संदूक मात्र थरांनी बांधावे लागतात. प्रत्येक आवाजाचे तीन भाग: सुरुवातीचा टोला, मधलं अंग, शेवटचं शेपूट. संदुकीचंच बघा, एकूण सव्वा सेकंद.

शून्यावर कडीचा टिक्क. कुलपाची किंवा बॅगेच्या क्लिपची कडी, माइकपासून १०-१५ सेंटिमीटरवर, पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास. साधारण ८० मिलिसेकंदांवर करकर सुरू. चामड्याचा पट्टा किंवा जुनं पाकीट माइकजवळ हळू पिळलं की लाकडाची करकर मिळते. ती रीपरमध्ये आणून एफ २ दाबा, प्लेबॅक रेट ०.६ करा, आणि ‘प्रिझर्व्ह पिच’ची खूण काढा. खूण राहिली तर आवाज फक्त ताणला जातो आणि धातूसारखा फाटका लागतो. काढली की खाली उतरतो आणि पाकिटाचं जड झाकण होतं. करकरीवर १५० हर्ट्झच्या खालचं सगळं कापा, नाहीतर हाताळणीची धडधड आत राहते. ७०० मिलिसेकंदांवर झाकण मागे टेकल्याचा धप्प: जाड वहीवर मूठ, वरून ५०० हर्ट्झला लो-पास, म्हणजे त्यावरचं कापणारा फिल्टर. आणि त्याच्या मागोमाग डेक्स्डमधली घंटा, सा आणि वरचा प, पन्नास मिलिसेकंदांच्या अंतराने. ही घंटा नुसती ऐकली तर फार मोठी वाटेल, म्हणून बाकी थरांपेक्षा सहा-आठ डेसिबल खाली ठेवा.

आवाज निम्म्या वेगाने वाजवणार असाल तर एक लक्षात घ्या. ४८ किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगमध्ये २४ किलोहर्ट्झपर्यंतच माहिती असते, निम्मा वेग केला की ती १२ वर येते आणि आवाज पांघरुणाखालून आल्यासारखा मंद होतो. माइक आणि त्याचा ड्रायव्हर ९६ किलोहर्ट्झ देत असेल तर अशा रेकॉर्डिंगपुरता तो वापरा.

प्रत्येक वस्तू रेकॉर्ड करताना आधी पाच सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करा. ऑडॅसिटीच्या नॉइज रिडक्शनला आवाजाचा नमुना त्यातूनच द्यायचा. घट १२ डेसिबलच्या पुढे ओढली की मागे पाण्याच्या बुडबुड्यांसारखे सूर उमटतात. त्यापेक्षा पंखा बंद करणं आणि माइक जवळ घेणं शंभरपटीने बरं.

पावलांचे किमान चार नमुने करा. गोडोत ऑडिओस्ट्रीम रँडमायझर आहे, त्यात चारही घाला आणि रँडम पिच १.०६ ठेवा, म्हणजे जेमतेम एका अर्धस्वराचा फरक पडतो. त्याहून जास्त केला तर पात्राचं वजन पावलागणिक बदलल्यासारखं वाटतं. बर्फावरच्या पावलांना कॉर्नस्टार्चची (मक्याच्या स्टार्चची) पिशवी दाबायची, ही फोलीवाल्यांची (सिनेमासाठी वस्तूंनी आवाज करणाऱ्यांची) जुनी युक्ती आजही तशीच चालते.

मोबाइलच्या स्पीकरबद्दल: २०० हर्ट्झच्या खालचं त्यातून जवळजवळ येतच नाही. हेडफोनवर दमदार वाटलेला धप्प फोनवर नाहीसा होतो. त्यावर उपाय आवाज वाढवणं हा नाही. धप्पवर थोडं सॅच्युरेशन किंवा डिस्टॉर्शन द्या (आवाज किंचित फाटू द्या), म्हणजे त्याचे वरचे हार्मोनिक ४००-८०० हर्ट्झमध्ये तयार होतात आणि कान खालचा स्वर ओळखतो. इफेक्ट मोनोच काढा. निम्मी जागा वाचते आणि डाव्या-उजव्या फेजची कटकट उरत नाही.

---

मात्रा१६

खर्जषड्ज यांच्याशी एका बाबतीत असहमत. ज्याला चाल बांधता येते पण सॉफ्टवेअर नवीन आहे, त्याच्यापुढे रीपरचा कोरा पडदा टाकला तर पहिला आठवडा प्लगइन जमवण्यात जातो. एलएमएमएस पूर्ण मोफत आहे आणि उघडल्या उघडल्या वाद्यं हजर असतात: ट्रिपल ऑसिलेटर, झिनअॅडसबएफएक्स, जुन्या गेमबॉयचा आवाज देणारं फ्रीबॉय. वर उल्लेख झालेला एसएफएक्सआरही आतच आहे. डावीकडून वाद्य ओढा, पियानो रोलमध्ये स्वर टाका, ठेका बीट एडिटरमध्ये बांधा. लूपसाठी एक्सपोर्टच्या खिडकीत ‘एक्सपोर्ट अॅज लूप’ची खूण आहे, आणि ट्रॅक वेगवेगळे काढायचीही सोय आहे.

मर्यादा मात्र नीट सांगतो. १.२ आवृत्तीत माइकवरून रेकॉर्डिंग होत नाही. व्हीएसटी ३ या प्रकारची प्लगइन चालत नाहीत, त्यामुळे सर्ज एक्सटी त्यात उघडणार नाही. परक्या प्लगइनने गोंधळ घातला तर प्रोग्राम बंद पडतो, म्हणून दर थोड्या वेळाने सेव्ह करत राहा आणि महत्त्वाच्या टप्प्यावर नव्या नावाने प्रत ठेवा. इफेक्टचं थरांचं काम त्यात अवघड, ते रीपर किंवा ऑडॅसिटीतच करा. पण सहा लूपचं संगीत एलएमएमएसमध्ये आरामात होईल, आणि परवान्याचे पैसेही लागणार नाहीत.

जुन्या आठ-बिटी वळणाचं संगीत हवं असेल तर ट्रॅकर बघा: ओपन एमपीटी, मिल्कीट्रॅकर, फर्नेस. तिथे स्वर वरून खाली आकड्यांत लिहायचे असतात. पेटीवाल्याला पहिल्यांदा परकं वाटतं, पण एकदा हात बसला की वेग विलक्षण. गोडो ट्रॅकरच्या मॉड्यूल फायली थेट वाजवत नाही, तेव्हा शेवटी ऑग या ऑडिओ फॉरमॅटमध्येच काढावं लागेल.

---

खर्जषड्ज

मात्रा१६, वाद्यं लगेच हाताशी येण्याचा मुद्दा रास्त आहे. तरी सर्ज आणि डेक्स्ड ही दोनच प्लगइन बसवायला अर्धा तास पुरतो, आणि तेवढ्यावर सहाही लूप होतात. मला खटकतं ते संगीत एका जागी आणि इफेक्ट दुसऱ्या जागी असणं. संगीत वाजतंय आणि त्यावर नाणं पडलं तर ते त्याच पट्टीत लागतं का, हे एकाच प्रोजेक्टमध्ये ऐकता आलं पाहिजे. काळी चारच्या लूपवर पांढरी एकची घंटा वाजली की खेळणाऱ्याला कारण कळत नाही, पण खटकतं. रीपरमध्ये आयटम (ट्रॅकवरचा आवाजाचा तुकडा) निवडून शिफ्ट-९ आणि शिफ्ट-० ने एकेक अर्धस्वर खाली-वर करता येतं; नाणं, घंटा, ‘बरोबर’चा सूर हे सगळे लूपच्या पट्टीला लावून घ्या.

---

कोडेघर

सगळ्यांचे आभार. रीपर, सर्ज आणि डेक्स्ड बसवलं, इफेक्ट रीजनने काढायची रीत जमली. दोन जागी अडलोय.

एक, कीबोर्डची कळ दाबल्यावर आवाज स्पष्ट उशिरा येतो, तालात वाजवताच येत नाही. दोन, रीपरमध्ये लूप सलग ऐकू येतो, पण गेममध्ये सांध्यावर अडखळतो. एमपी ३ काढली तर मध्ये बारीक पोकळी, ऑग काढली तर टिक्क असा आवाज. टेम्पो ११० आहे. कोणीतरी लिहिलंय की टेम्पो १०० किंवा १२० च ठेवावा. बदलू का?

---

मात्रा१६

उशिराबद्दल. ब्लूटूथ हेडफोन लावला असेल तर आधी तो काढा. त्यात शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर असतोच आणि कुठल्याही सेटिंगने जात नाही. वायरचा हेडफोन हवा.

मग प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ, डिव्हाइस. तिथे विंडोजचा जुना वेव्हआउट किंवा डायरेक्टसाउंड निवडलेला असेल तर वासापी घ्या आणि एक्सक्लुझिव्ह मोड ठेवा, किंवा असिओ-फॉर-ऑल बसवून असिओ निवडा; हे दोन्ही आवाज कमी उशिराने बाहेर काढायचे मार्ग. दोन्हींत रीपर साउंड कार्ड स्वतःकडे घेतं, त्यामुळे त्या वेळी ब्राउझरचा आवाज बंद होईल. तो बिघाड नाही.

बफर म्हणजे बाहेर सोडण्याआधी साठवलेला आवाजाचा तुकडा. त्याचा हिशोब सोपा: सॅम्पलची (इथे आवाजाच्या एकेका सूक्ष्म मोजमापाची) संख्या भागिले सॅम्पल रेट. ४८ किलोहर्ट्झवर १०२४ चा बफर म्हणजे २१ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे साडेदहाच्या आसपास, २५६ म्हणजे पाचच्या थोडं वर. प्रत्यक्ष उशीर याहून जास्त असतो, कारण ड्रायव्हर आपली भर घालतो. २५६ वर सुरू करा. चरचर आली तर ३८४ किंवा ५१२. वाजवून झालं आणि मिक्सिंगला बसलात की पुन्हा १०२४ वर न्या, कारण तेव्हा उशिराने काही बिघडत नाही आणि प्रोसेसरला श्वास मिळतो. लॅपटॉप चार्जरवर ठेवा आणि पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर; बॅटरी वाचवणाऱ्या मोडमध्ये प्रोसेसर मंदावतो आणि छोट्या बफरला चरचर येते.

---

खर्जषड्ज

लूपबद्दल. टेम्पो बदलू नका. १०० च्या टेम्पोला ४८ आवर्तनं, चार-चार मात्रांची, म्हणजे ११५.२ सेकंद, ४८ किलोहर्ट्झवर बरोबर ५५,२९,६०० सॅम्पल. ११० ला हाच हिशोब अपूर्णांकात येतो हे खरं, पण चूक एका सॅम्पलपेक्षाही कमी असते. तिने टिक्क होत नाही.

एमपी ३ मधली पोकळी ही त्या फॉरमॅटचीच आहे. तो आवाज ११५२ सॅम्पलच्या चौकटींत भरतो, सुरुवातीला एन्कोडरचा उशीर आणि शेवटी चौकट भरायला शांतता घालतो. ती पंचवीस-पन्नास मिलिसेकंदांची पोकळी ठेक्यात लगेच कळते. लूपसाठी एमपी ३ नकोच. संगीत ऑग व्हॉर्बिसमध्ये, छोटे इफेक्ट वेव्हमध्ये. वेव्ह उलगडायला प्रोसेसर लागत नाही आणि आवाज तत्काळ सुटतो. जागेचाही अंदाज घ्या: तीन मिनिटांचं स्टिरिओ संगीत ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट वेव्हमध्ये ३२ एमबीच्या आसपास जातं, तेच ऑगमध्ये १६० केबीपीएसला साडेतीन. एक सेकंदाचा मोनो इफेक्ट वेव्हमध्ये ८८ केबी, त्यात काटकसर करण्यासारखं काही नाही.

ऑगमधल्या टिक्कचं कारण बहुतेक शेपूट. शेवटच्या आवर्तनातल्या स्वरांचा रीव्हर्ब (घुमणं) आणि डिले (प्रतिध्वनी) लूपच्या टोकाला चालू असतो, फाइल तिथे कापली जाते आणि सुरुवात एकदम कोरडी होते. लाट अधांतरी तुटली की टिक्क. रीपरमध्ये फिरवताना रीव्हर्ब मागून पुढे वाहत राहतो, म्हणून तिथे ऐकू येत नाही. उपाय रेंडरच्या खिडकीतच आहे: ‘सेकंड पास रेंडर’वर खूण करा आणि ‘टेल’ची खूण काढा. मग तो तुकडा दोनदा फिरवून दुसरी फेरी लिहिली जाते, म्हणजे पहिल्या मात्रेवर मागच्या फेरीचं शेपूट आधीच असतं. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नाही तिथे चाल दोनदा मांडायची, सगळं रेंडर करायचं आणि ऑडॅसिटीत दुसरा अर्धा भाग कापून घ्यायचा. कापताना झेड दाबलं की निवड शून्यरेषेवर सरकते. एकच गोष्ट: गेममध्ये लूप पहिल्यांदा सुरू होताना ते शेपूट उगाच ऐकू येईल. अर्ध्या सेकंदाचा फेड-इन दिला की झाकलं जातं.

त्यानेही गेलं नाही तर दोन जागा तपासा. स्नॅप (निवड मात्रेच्या रेषेला चिकटण्याची सोय) बंद असताना टाइम सिलेक्शन केलं असेल तर ते आवर्तनावर नेमकं बसलेलं नसतं; पाच-दहा मिलिसेकंदांची चूक डोळ्याला दिसत नाही पण ताल चुकतो. आणि माइकवर रेकॉर्ड केलेला आयटम लूपच्या टोकाशी भिडत असेल तर रीपर त्याला आपोआप १० मिलिसेकंदांचा फेड लावतं. आयटमच्या कोपऱ्यातला तो फेड ओढून शून्यावर न्या.

गोडोत फाइल निवडून इम्पोर्टच्या पट्टीत लूप चालू करून रीइम्पोर्ट करायला विसरू नका. कोडमधून संपल्यावर पुन्हा प्ले म्हटलं तर एखाद्या फ्रेमची पोकळी पडतेच.

---

ध्वनिचित्र

आवाज बाहेरून घेणार असाल तर परवान्यांवर आत्ताच लक्ष द्या, रिलीजच्या आदल्या रात्री नको. फ्रीसाउंड हा बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठाचा २००५ पासूनचा संग्रह. तिथे प्रत्येक फाइलचा परवाना वेगळा असतो. सीसी-झीरो असेल तर काहीही करा. अॅट्रिब्यूशन असेल तर क्रेडिट्समध्ये नाव आणि दुवा द्यावा लागतो. नॉन-कमर्शियल असेल तर हातही लावू नका. गेम फुकट असला तरी त्यात जाहिराती आल्या की तो व्यावसायिकच. शोधतानाच परवान्याची चाळणी लावता येते. बीबीसीचा ध्वनिसंग्रह अफाट आहे, पण मोफत डाउनलोड वैयक्तिक आणि शैक्षणिक वापरापुरतं; गेमसाठी वेगळा परवाना लागतो. सॉनिसने जीडीसी या गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेच्या निमित्ताने मोठे इफेक्टसंच मोफत दिले आहेत, ते गेममध्ये नाव न देता वापरता येतात, फक्त सुटे आवाज पुन्हा विकायचे किंवा वाटायचे नाहीत.

एक स्प्रेडशीट ठेवा: गेममधलं फाइलचं नाव, मूळ फाइलचं नाव, दुवा, परवाना, उतरवल्याची तारीख. तारीख हवीच, कारण वर टाकणारा माणूस नंतर फाइल काढून टाकतो किंवा परवाना बदलतो. परवान्याच्या पानाचा स्क्रीनशॉटही त्याच फोल्डरमध्ये टाका.

आणि पातळी. यूलीन लाउडनेस मीटरची मोफत आवृत्ती मास्टरवर लावा. हातातल्या उपकरणांसाठी सोनीच्या ध्वनी-मार्गदर्शिकेत उणे १८ एलयूएफएसची (कानाला जाणवणाऱ्या जोराच्या मापाची) पातळी दिलेली आहे, ट्रू पीक (लाटेचं सर्वात उंच टोक) उणे १ च्या आत. मोबाइलला तीच धरा. हे माप संगीत आणि इफेक्ट मिळून किमान अर्ध्या तासाच्या प्रत्यक्ष खेळावर घ्यायचं. खेळताना ऑडॅसिटीत वासापीचा लूपबॅक निवडलात तर संगणकातून निघणारा आवाज थेट रेकॉर्ड होतो. ते रेकॉर्डिंग मीटर लावलेल्या ट्रॅकवर टाकून पूर्ण वाजवा. एकेक फाइल उणे १८ ला नॉर्मलाइज केली तर बटणाचा टिक्क आणि दरवाजाचा धडाका सारख्याच जोराचे होतील. अर्ध्या सेकंदाच्या आवाजाला एलयूएफएसचा आकडा विश्वासाने लागत नाही, तिथे कानच वापरा: संगीत नेहमीच्या पातळीवर चालू ठेवून, फोनच्या स्पीकरवर, एकेक इफेक्ट बसवा.